उरलेलं स्टार्टर आणि पायची पारी

मी: ताई, सावरडो पावाचं उरलेलं स्टार्टर, म्हणजे आंबवलेलं मैदा-पाणी, बरणीभर साठलंय, टाकवत नाही. काल त्याची ॲपल पायची पारी केली. चिवट झाली.

दादा: मी साक्षीदार. दाताने ओढून खाल्ली.

ताई (एडिसन, अमेरिका): पाणी घातलंस?

मी: अर्धी वाटी. गोळाच होईना.

ताई (एडिसन): तिथेच घोळ. स्टार्टर म्हणजे निम्मं पाणीच की गं. माझं माप घे: मैदा २४० ग्रॅम, बटर २२६ (इथल्या दोन कांड्या), स्टार्टर १६०, साखर चमचाभर, मीठ अर्धा चमचा. अमूलचं बटर असेल तर मीठ नकोच. १६० मध्ये ८० पाणी आलं. अगदीच भुगा राहिला तर बर्फाच्या पाण्याचा एखादा चमचा, बस.

मामी: मोहन कडकडीत घातलंस का?

ताई (एडिसन): मामी, हे करंजीच्या उलट 😄 गरम मोहनाने मैद्याच्या कणाकणाला तूप लागतं, म्हणून पारी खुसखुशीत. इथे पदर सुटायला हवेत. बटर थंडगार, वाटाण्याएवढे तुकडे लाटल्यावरही दिसले पाहिजेत. ओव्हनमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ होते, ती पदर उचलते.

मामी: मग साट्याचंच काम की.

ताई (एडिसन): अगदी! फक्त साटा सगळीकडे फासतो, हे तुकड्यातुकड्यांनी.

मामा: स्टार्टर म्हणजे विरजणच. त्यातल्या एका जिवाणूला १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोवरून नाव दिलंय.

दादा: मामा 🙏

मी: पण मग नुसतं पाणी घातलं तर काय बिघडलं?

ताई (एडिसन): खरं सांगू? काही नाही. फुगायला स्टार्टर लागत नाही, पारी म्हणजे पाव नव्हे. पण चव! ती आंबूस झाक गोड सफरचंदाबरोबर फार छान लागते. थँक्सगिव्हिंगला मी दरवर्षी हीच करते. नुकतं मैदा घालून फुगवलेलं घेऊ नकोस, आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेलं घे. त्यातल्या मैद्याचा चिवटपणा आंबून कमी झालेला असतो.

मी: इथे ऑक्टोबरचं ऊन आहे. लाटेपर्यंत बटर पाघळतं.

ताई (एडिसन): मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळा तासभर फ्रिजमध्ये. लाटून ताटलीत बसवलं की परत अर्धा तास. मग २२० वर २० मिनिटं, १९० वर साधारण ४०. वरच्या पारीला चिरा पाड, नाहीतर सफरचंदाची वाफ कोंडते. ओटीजीत वरून लवकर करपतं, तेव्हा फॉइल टाक.

मामी: माझा संगमरवरी पोळपाट घेऊन जा. आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेव.

ताई (एडिसन): मामी, तुम्ही ग्रेट आहात. हे मला सुचलंच नव्हतं.

आई: करंज्यांसाठी दोन किलो मैदा आणलाय. त्याला हात लावायचा नाही.

मी: आई, २४० ग्रॅमच तर हवाय!

आई: कालही तेवढाच होता.