परदेशात घरच्या घरी चांगली आणि परवडणारी कॉफी कशी जमवायची?

पेंगुळलेला

नमस्कार मंडळी, नोकरीसाठी परदेशात येऊन सहा महिने झाले, बाकी सगळं हळूहळू अंगवळणी पडलं पण कॉफीचं काही केल्या जमेना. येताना आणलेली पावडर दोन महिन्यांत संपली, तेव्हापासून सुपरमार्केटमधून एकेक पाकीट आणून बघतोय. स्वस्तातलं आणलं तर जळकट आणि कडू, म्हणून एकदा मन घट्ट करून महागातलं छोटं पाकीट आणलं, ज्यावर ब्लूबेरी, जास्मिन असलं काय काय लिहिलेलं, तर ती चक्क आंबट! दूध घातल्यावर तर आंबटही नाही आणि कॉफीही नाही, नुसतं कोमट पांचट काहीतरी. पाकीट उघडलं की नाकाला घमघमाट येतो आणि मगात त्यातलं काहीच उतरत नाही, हे कसं काय? रोज बाहेर प्यायची म्हटलं तर महिनाअखेरीला कार्डाचं स्टेटमेंट बघवत नाही.

माझ्याकडे एक फ्रेंच प्रेस आहे (जाळीचा दांडा खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं, आधीचा भाडेकरू सोडून गेलाय) आणि इलेक्ट्रिक केटल, बस. मोठं मशीन घ्यायची ऐपत नाही आणि ओट्यावर जागाही नाही. दिवसाला दोन मग पितो, दूध आणि थोडी साखर घालून. पॉडवालं (एका कपापुरती कॉफी भरलेल्या बंद कुप्यांवर चालणारं) छोटं मशीन सेलमध्ये बरंच स्वस्त दिसतंय, ते घेऊन टाकू का? ब्रँड नाही सांगितलेत तरी चालेल, तुमच्याकडे मिळणारा माझ्याकडे मिळेलच असं नाही. पाकिटावर नेमकं काय बघायचं ते सांगा.

साखरझोप

पॉडचं मशीन नको रे बाबा, मशीन स्वस्त देतात आणि मग आयुष्यभर पॉडमधून वसूल करतात. एका छोट्या पॉडमध्ये साधारण ५ ते ६ ग्रॅम कॉफी असते. म्हणजे एका पॉडच्या किमतीला १८० ने गुण, की किलोचा भाव कळेल. दुकानात उभा राहून फोनवर हा गुणाकार कर आणि मग शेजारच्या रॅकवरचं किलोचं पाकीट बघ, तिथल्या तिथे पॉडचं भूत उतरेल.

आता आंबटपणाचं. ब्लूबेरी-जास्मिन लिहिलेली कॉफी बहुतेक वेळा लाइट रोस्ट म्हणजे कमी भाजलेली असते, ती बिनदुधाची प्यायला भाजलेली असते. त्यात ब्लूबेरी घातलेली नसते हो, चवीची तशी झाक लागते असं त्यांचं म्हणणं (मला आजतागायत लागलेली नाही). दूध घालणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. पाकिटावर मीडियम किंवा डार्क रोस्ट बघ आणि चवीच्या जागी चॉकलेट, कॅरॅमल, बदाम-अक्रोड असलं काही लिहिलेलं असेल तर उचल.

आणखी एक. १००% अरेबिका असं पाकिटावर सोन्याच्या अक्षरात लिहितात म्हणून भुलू नकोस. रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात, तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, चवीला ती राकट असते आणि म्हणूनच दुधात हरवत नाही. ब्राझील आणि व्हिएतनामकडची स्वस्त मिश्रणं असतात ना, त्यात ती भरपूर असते, आणि दुधाच्या कॉफीला तीच बरी पडते.

आणि हो, घरून आणलेल्या पावडरीत चिकोरी होती का? रिकामं पाकीट अजून असेल तर मागे वाच, टक्केवारी लिहिलेली असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, कॉफीशी तिचा काही संबंध नाही, कॅफीनही नाही, पण तो दाटपणा, काळपट रंग आणि मागे रेंगाळणारा गोडसर कडूपणा तिचाच. मला वर्षभर वाटत होतं की परदेशातली कॉफीच भिकार, आणि आठवण येत होती चिकोरीची! हेल्थ फूडच्या दुकानात कॉफीला पर्याय म्हणून सुटी मिळते, चमचाभर मिसळून बघ.

अर्धा_कप

ताईंचं बरोबर आहे पण मुख्य मुद्दा राहिला. नाकाला येतं आणि मगात उतरत नाही याचं कारण दळलेली पावडर. कॉफी दळली की वास उडायला लागतो, पाकीट उघडल्यावर तुला जो घमघमाट आला तो निघून चाललेला माल होता. अख्ख्या बीन्स घे, अगदी सुपरमार्केटमधल्या किलोच्या घे, आणि प्यायच्या आधी लागेल तेवढ्याच दळ. पैसे कॉफीवर घालण्याआधी ग्राइंडरवर घाल असं माझं मत आहे, हाताने फिरवायचा साधा बर ग्राइंडर (पात्यांऐवजी दोन दातेरी चकत्यांमध्ये दळणारा) पुरतो, एकदाच घ्यायचा.

पात्याचा ग्राइंडर किंवा मिक्सर नको. मी तेच केलं होतं. मिक्सरला दळलं, वरून छान दिसलं, हातावर घेतलं तर अर्धं पिठासारखं बारीक आणि मध्ये मध्ये अख्खे तुकडे. बारीक पीठ पाण्यात फार उतरतं म्हणून कडू, तुकडे नीट उतरतच नाहीत म्हणून आंबट, म्हणजे एकाच मगात दोन्ही दुखणी. शिवाय पुढचे आठ दिवस घरातल्या प्रत्येक वाटणाला कॉफीचा वास, त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

पाकिटावर रोस्टची तारीख असेल तर महिना-दीड महिन्याच्या आतलं घे. सुपरमार्केटच्या मालावर बहुतेकदा ती नसते, नुसती बेस्ट बिफोर असते, आणि ती भाजल्यापासून वर्ष किंवा त्याहूनही पुढची असते. तेव्हा हात घालून रॅकच्या मागचं पाकीट काढ, ज्याची तारीख सगळ्यात लांब ते सगळ्यात ताजं. किलो एकदम उघडं ठेवू नकोस. आठवड्यापुरते भाग करून हवाबंद पिशव्यांतून फ्रीजरमध्ये टाक. पिशवी बाहेर काढली की आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे आणि मगच उघड, नाहीतर गार बीन्सवर बाष्प धरतं. खालच्या फ्रीजमध्ये नको, तिथे दमटपणा आणि उरलेल्या भाज्यांचे वास.

प्रेसची कृती: अर्ध्या लिटर पाण्याला ३० ग्रॅम, तू दूध घालणार म्हणून ३५ घे. (या हिशोबाने किलोभर कॉफी तुला चार आठवडे जाते, आता बाहेरच्या कपाशी ताडून बघ.) जाड मिठासारखं दळ. उकळलेलं पाणी अर्धा मिनिट थांबून ओत. चार मिनिटांनी वर साचलेला थर चमच्याने मोड, फेस काढून टाक आणि आणखी चार-पाच मिनिटं हात बांधून बस. गाळ आपोआप खाली बसतो. दांडा तळापर्यंत दाबायचा नाही, नुसता वर टेकवायचा आणि हळू ओतायचं. पाणी ओतल्या ओतल्या पावडर फुगून वर आली तर माल ताजा, आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. मेल्यासारखी गप्प पडून राहिली तर पुढच्या वेळी दुसरं पाकीट.

टिपकागद

प्रेसमधली कॉफी रोज दोन मग म्हणजे कोलेस्टेरॉल सांभाळा एवढंच म्हणेन. कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य असतं ते जाळीतून सरळ मगात येतं आणि कोलेस्टेरॉल वाढवतं, कागदी फिल्टरमध्ये ते बरंचसं अडकतं. ज्यांचा रिपोर्ट आधीच काठावर आहे त्यांनी प्लॅस्टिकचा साधा कोन आणि कागद घ्यावा. ओट्यावर जागा शून्य, किंमत नगण्य, गाळ कागदासकट कचऱ्यात, प्रेस घासायची कटकट नाही. प्लॅस्टिकला नाकं मुरडू नका, सिरॅमिकपेक्षा ते उष्णता कमी खातं.

माझ्या आयडीवरून हसणाऱ्यांसाठी: कागदी फिल्टर १९०८ मध्ये जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीने काढला, मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून. कंपनी अजून तिच्या नावाने चालू आहे.

बाकी केटलच्या तळाला पांढरा थर धरत असेल तर तुमच्याकडचं पाणी जड आहे. त्या पाण्यात कितीही भारी कॉफी सपक लागते. साधा गाळणीचा जग मिळतो तो वापरून बघा, मी दोन वर्षं बीन्सना शिव्या घालत होतो.

उन्हाळी_ढग

काय रे पोरांनो, तो बिचारा सकाळी ऑफिसला जाणार की प्रयोगशाळा उघडणार? वजनकाटा, ग्राइंडर, नऊ मिनिटं वाट बघा!

मी तीसेक वर्षं तीन देशांत मोका पॉटवर काढली, म्हणजे शेगडीवर ठेवायचं कॉफीचं भांडं, ज्यात खालचं पाणी वाफेच्या दाबाने पावडरीतून वर चढतं. १९३३ मध्ये इटलीत निघाला, घडण फारशी बदललेली नाही, आणि माझा तर मुलीच्या वयाचा आहे, मधे एकदोनदा रबर बदललं तेवढंच. खालच्या भांड्यात वाल्वच्या खालपर्यंत पाणी, केटलमधलं गरम घेतलं तर उत्तम, म्हणजे पावडर तापत बसत नाही. मधल्या गाळणीत पावडर काठोकाठ भरायची, पण दाबायची नाही. झाकण उघडं ठेवून बारीक आचेवर ठेव आणि तिथून हलू नकोस. आधी काळीभोर धार मधासारखी सरपटत येते, मग ती पिवळट होते आणि गुळगुळ आवाज सुरू होतो. तो आवाज आला की झालं, लगेच उचलायचं आणि बुडाला नळाचं पाणी सोडायचं. लोक ते फसफसेपर्यंत ठेवतात आणि मग म्हणतात कडू झाली.

यात कॉफी इतकी दाट निघते की तेवढंच गरम दूध घाल, तरी ती दबत नाही. आणि मोकासाठी दळलेली पावडर बऱ्याच ठिकाणी तयार मिळते, ग्राइंडर नसला तरी अडत नाही. फक्त शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा घेऊ नकोस, तापणार नाही, स्टीलचा विचारून घे.

फक्त_वाचक

मी सहसा लिहीत नाही पण स्वस्ताचा विषय निघाला म्हणून. कच्च्या हिरव्या बीन्स भाजलेल्यांपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात आणि महिनोन् महिने टिकतात, घरी कढईत भाजता येतात. एका बाजूने ढवळत राहायचं, लाह्यांसारखा तडतड आवाज आला की भाजणी लागली म्हणायची. मी हे उत्साहाने केलं, आवाजही आला, पाठोपाठ धूर आला आणि मग धुराचा अलार्म, मग अख्खी इमारत जिन्याने खाली, थंडीत, पायजम्यात. कॉफी छान झाली होती. पुन्हा केली नाही.

पेंगुळलेला

सगळ्यांचे खूप खूप आभार, तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. पॉडचा गुणाकार दुकानातच केला आणि मशीन परत रॅकवर ठेवलं. ढगकाका, माझी शेगडी इंडक्शनचीच निघाली म्हणून मोका सध्या बाजूला, सेलवर डोळा ठेवून आहे. किलोची डार्क रोस्ट घेतली, त्यात रोबस्टा आहे, मागचं पाकीट काढताना पुढची चार खाली पाडली. ग्राइंडर ऑफिसातल्या एकाकडे धूळ खात पडला होता तो मिळाला. पहिल्या दिवशी पाणी ओतलं आणि पावडर खरंच फुगून वर आली, मी केटल हातात धरून बघतच राहिलो!

साखरझोपताई, तुमचा चिकोरीचा अंदाज अगदी बरोबर, जुन्या पाकिटावर ३०% लिहिलं होतं. मला इथे मिळाली, मगाला पाव चमचा घालतो, त्याहून जास्त झाली की काढ्यासारखं लागतं. महागड्या पाकिटातली उरलेली आंबट कॉफी गार पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळून प्यायलो, तशी बरी लागली, संपवली एकदाची.

आता एकच अडचण, हाताचा ग्राइंडर सकाळी सहाला दोन-तीन मिनिटं घरघरतो आणि भिंतीपलीकडचा रूममेट नाईट शिफ्ट करून नुकताच झोपलेला असतो. काल त्याने दारावर चिठ्ठी लावली होती. काय करू?

अर्धा_कप

रात्री दळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. एका रात्रीत काही होत नाही. आणि हे मी बोललो ते वरच्या प्रतिसादाशी कुणी ताडून बघू नका.