‘ऑर्डर लिहून टाका, सकाळी सही होईल’ : फोनवरच्या ऑर्डरी आणि सिस्टरची जबाबदारी

सांगलीकर_नाईट
५० खाटांचं खाजगी रुग्णालय. रात्री एकच आरएमओ (निवासी डॉक्टर), तोही बहुतेक वेळ कॅज्युअल्टीत. वॉर्डात आम्ही दोघी. रात्री ११ नंतर कन्सल्टंटना फोन करायचा नाही, असा अलिखित नियम. ताप, उलटी, झोप न येणं, साखर वाढणं याला ‘नेहमीचीच औषधं आहेत, ट्रीटमेंट शीटवर लिहून टाका, राउंडला सर सही करतील’ असं इन्चार्ज सांगतात. सही होतेही, न वाचता. आता तर विम्याच्या क्वेरीसाठी जुन्या फाईलींतल्या रिकाम्या जागा भरायला सांगतायत. फोनवरची ऑर्डर मी लिहिली तर चालते का? मागाहून झालेल्या सहीने मी सुटते का? आणि नाही म्हणायचं तर कोणत्या शब्दांत?

आयसीयू_इन्चार्ज
दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. डॉक्टरांनी सांगितलेलं उतरवून घेणं हे तुमचं काम आहे. डॉक्टरांनी न सांगितलेलं त्यांच्या नावावर लिहिणं हे कुणाचंच काम नाही, अनुभव वीस वर्षांचा असला तरी.

फोनवरची ऑर्डर घेताना शक्यतो दुसरी सिस्टर स्पीकरवर ऐकायला हवी. औषधाचं नाव, मात्रा, मार्ग, किती वेळा, कशासाठी, हे सगळं लिहायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. नुसतं ‘हो सर’ म्हणजे वाचून दाखवणं नव्हे. आकडे फोडून म्हणा: ‘वन-फाइव्ह, पंधरा’. फिफ्टीन आणि फिफ्टी, सात आणि साठ फोनवर सारखेच ऐकू येतात, आणि इन्सुलिनमध्ये हा फरक जिवावर बेततो. ‘युनिट’ शब्द पूर्ण लिहा, कारण ४ पुढचा ‘यू’ घाईत शून्य दिसतो आणि ४ चे ४० होतात. दशांशानंतर उगाच शून्य नको (५ लिहा, ५.० नको), आधी मात्र हवंच (०.५).

शीटवर असं दिसलं पाहिजे: तारीख, रात्री २.२०, डॉ. अमुक यांची फोनवरून ऑर्डर, इंज. पॅरासिटामॉल १ ग्रॅम आयव्ही (शिरेतून) स्टॅट (लगेच), वाचून दाखवली, होकार. खाली घेणारीची आणि ऐकणारीची सही. डॉक्टरांच्या सहीची जागा रिकामी. एनएबीएच या रुग्णालय-दर्जाच्या मानांकनासाठी तोंडी ऑर्डरींचं लेखी धोरण लागतंच, आणि काउंटरसाईनची (डॉक्टरांच्या मागाहूनच्या सहीची) मुदत बहुतेक ठिकाणी २४ तास असते. तुमच्याकडचं धोरण मेट्रनकडून (मुख्य सिस्टरकडून) मागून वाचा. ‘११ नंतर फोन नको’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नसणार.

केमोथेरपी तोंडी ऑर्डरीवर कधीच नाही. केसीएल (पोटॅशियम क्लोराइड), हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं), मॉर्फिनसारख्या औषधांना आरएमओने बेडपाशी येऊन स्वतः लिहावं. हेपॅरिनच्या ५ मिलीच्या व्हायल ५,००० युनिटच्याही येतात आणि २५,००० च्याही. ‘एक सीसी (मिली) द्या’ या ऑर्डरीला काही अर्थ नाही.

भूलतज्ज्ञ_नाशिक
डॉक्टरांच्या बाजूने लिहितो. न विचारता लिहिलेल्या ऑर्डरींइतकीच अर्धवट ऑर्डर वाईट, कारण तिच्यातल्या गाळलेल्या जागा सिस्टरच भरतात. ‘ॲड १ अँप केसीएल’ घ्या. १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. कोणत्या बाटलीत, किती मिलीत, किती तासांत, हे लिहिलेलं नाही. हाताच्या शिरेतून ताशी १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर जाऊ नये, थेट शिरेत तर कधीच नाही, हृदय थांबतं. मग बाटली आणि वेग ठरवणार कोण? रात्रपाळीची सिस्टर.

दुसरा नमुना ‘सीटी ऑल’, म्हणजे आधीचं सगळं चालू ठेवा. ऑपरेशन झालं की आधीच्या ऑर्डरी संपल्या, नव्याने लिहायला हव्यात. एनोक्झापॅरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) ४० मिग्रॅ चालू असलेल्या पेशंटचा एपिड्युरल कॅथेटर (वेदनाशमनासाठी पाठीत घातलेली बारीक नळी) काढायचा तर शेवटच्या डोसनंतर १२ तास थांबतात, आणि काढल्यावर पुढचा डोस ४ तासांनी. ‘सीटी ऑल’ वरून रात्री ९ चा डोस गेला आणि १० ला कॅथेटर निघाला, तर मणक्यात रक्त साठून पाय लुळे पडू शकतात. अर्धवट ऑर्डर दिसली तर सरळ विचारा: ‘सर, किती मिलीत, किती तासांत?’ चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

रात्रीचे फोन कमी करायचा रास्त मार्ग म्हणजे स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे डॉक्टरांनी आधीच लिहून सही केलेली ऑर्डर. उदा. साखर ७० च्या खाली: शुद्धीत असेल तर तोंडाने १५ ग्रॅम ग्लुकोज, शुद्ध हरपली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून, १५ मिनिटांनी पुन्हा साखर, आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन. अशा कागदावर निकष, मात्रा, किती वेळा द्यायचं आणि कधी बोलवायचं हे हवं, शिवाय डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, तारीख. अँटिबायोटिक सुरू करणं, झोपेचं इंजेक्शन, इन्सुलिनचा डोस बदलणं त्यात बसत नाही. ‘सरांचं नेहमीचं असतं’ ही स्टँडिंग ऑर्डर नव्हे.

उपकेंद्र_ताई
सरकारी बाजूची भर. उपकेंद्रात एएनएम (परिचारिका-प्रसाविका) बाळंतपणानंतर ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत देते. झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल, देऊन पुढे पाठवते. त्यामागे केंद्र सरकारच्या लेखी मार्गदर्शक सूचना आणि प्रशिक्षण आहे. लेखी सूचनांत नाही ते काही द्यायचं नाही.

कोर्टकागद
कायद्याचं थोडक्यात. औषध नियम १९४५ मधल्या नियम ६५ प्रमाणे प्रिस्क्रिप्शन लेखी हवं, त्यावर नोंदणीकृत डॉक्टरची सही आणि तारीख हवी. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) मात्र नीट वाचा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना झाला तर कमाल २ वर्षं. ही सवलत राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली नोंद असलेल्यांनाच आहे, नर्स त्या व्याख्येत येत नाही. म्हणजे त्याच चुकीसाठी तुमच्यावरची टांगती तलवार जास्त मोठी. सकाळच्या सहीवर विसंबू नका. अक्षर तुमचं, वेळ तुमची, आणि ‘मला कुणी सांगितलंच नव्हतं’ म्हणायला समोरचा मोकळा.

जुन्या फाईली भरणं त्याहून गंभीर. मागच्या तारखेने नोंद घालणं हे बनावट दस्तऐवजाकडे जातं (कलम ३३५, ३३६). खरंच राहिलेली नोंद असेल तर आजची तारीख-वेळ घाला, ‘उशिराची नोंद’ असं लिहा, घटना कधीची ते सांगा आणि सही करा. चूक खोडायची तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर फाईलीजवळ आणूच नका.

आयसीयू_इन्चार्ज
नकाराचे शब्द राहिले. भांडू नका, इतकंच म्हणा: ‘हे मी माझ्या मनाने लिहू शकत नाही. सरांना फोन लावते, ते सांगतील ते लिहून घेते.’ आणि फोनवर तक्रार सांगू नका, चित्र सांगा: ‘सर, मेल वॉर्ड, बेड १२, हर्नियाच्या ऑपरेशननंतरचा पहिला दिवस. ताप १०१.४, नाडी ११८, बीपी ९०/६०, संध्याकाळी १२०/८० होतं. ४ तासांत लघवी ८० मिली. तुम्ही येऊन बघावं असं वाटतं. तोवर काय करू?’ याच पेशंटला ‘ताप आहे ना, पॅरासिटामॉल लिहून टाका’ झालं असतं तर ताप उतरला असता, बाकी सगळं सकाळपर्यंत झाकून राहिलं असतं.

फोन उचलला नाही तर ५-१० मिनिटांनी पुन्हा, मग आरएमओ, दुसरे कन्सल्टंट, मेडिकल सुपरिंटेंडेंट. प्रत्येक फोनची वेळ नर्सेस नोट्समध्ये लिहा: ‘२.०५, २.१५ फोन केला, उत्तर नाही; २.१८ आरएमओंना कळवलं.’ शेरेबाजी नको. ओव्हर देताना (पाळी सोपवताना) सही बाकी असलेल्या ऑर्डरी मोठ्याने सांगा.

सांगलीकर_नाईट
आभार. एक राहिलं. कॉम्प्युटरवर सरांचा लॉगिन-पासवर्ड स्टेशनवरच चिकटवलेला आहे. त्यातून टाकलं तर आमचं नाव येत नाही, असं सांगतात.

वॉर्ड_सॉफ्टवेअरवाला
येतं. नाव सरांचं दिसलं तरी कोणत्या मशीनवरून, किती वाजता हे लॉगमध्ये राहतं. त्या वेळी सर घरी होते आणि नोंद वॉर्डातल्या मशीनवरून पडली, एवढं जुळवायला पाच मिनिटं लागतात. पुढे ड्युटी लिस्ट बघितली की झालं. बहुतेक सिस्टिममध्ये ‘तोंडी ऑर्डर’ असा पर्याय असतो: नर्स स्वतःच्या लॉगिनने टाकते, डॉक्टर निवडते, आणि ती नोंद डॉक्टरांच्या स्क्रीनवर मंजुरीसाठी अडकून राहते. तो बंद असेल तर आयटीकडे लेखी मागा, मेट्रनना प्रत लावा, आणि स्टेशनवरची ती चिठ्ठी फाडून टाका.