आर्ट शेलला २-१४ वरून मोजायचं का?

बे एरियाकर:
रेडर्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या सगळ्यात वाईट हेड कोचांची यादी आमच्या ग्रुपवर फिरत होती, त्यात आर्ट शेलचं नाव अगदी वर बघितलं आणि राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. मत आधीच सांगून टाकतो, २००६ चा सीझन वाईट होताच, १६ पैकी फक्त २ जिंकले, पण त्या एका वर्षावरून या माणसाला मोजणं हा अन्याय आहे.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेफ्ट टॅकल म्हणजे लाईनवरचा डाव्या टोकाचा गडी. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असला की बॉल फेकायला उभा राहताना त्याची पाठ डावीकडे होते, तिकडून कोण धावून येतंय हे त्याला दिसत नाही, त्या माणसाला अडवायचं काम या गड्याचं. बॉल जवळजवळ कधीच हातात येत नाही, टचडाऊन नावावर लागत नाही, आणि चुकलात तर क्वार्टरबॅक आडवा झालेला अख्ख्या स्टेडियमला दिसतो. शेलने हे १९६८ ते १९८२ केलं, २०७ मॅचेस, ८ प्रो बोल, म्हणजे लीगच्या ऑल-स्टार मॅचेस. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा मुलगा, मेरीलँड स्टेट या कृष्णवर्णीयांच्या लहानशा कॉलेजातून ड्राफ्टच्या, म्हणजे टीम्सनी कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या, तिसऱ्या राउंडमध्ये आलेला. जानेवारी १९७७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, रेडर्सनी मिनेसोटा वायकिंग्जला ३२-१४ हरवलं, बॉल घेऊन २६६ यार्ड पळाले, त्यातलं पुष्कळसं डावीकडून, शेल आणि शेजारचा लेफ्ट गार्ड जीन अपशॉ यांच्या मागून. शेलसमोर वायकिंग्जचा मुरलेला जिम मार्शल होता. मार्शलच्या नावावर त्या दिवशी एकही टॅकल नाही.

आता कोचिंग. १९८३ पासून रेडर्सचाच लाईन कोच. १९८९ मध्ये ऑगस्टमध्ये हॉल ऑफ फेम आणि ऑक्टोबरमध्ये थेट हेड कोच, कारण आधीचा हेड कोच माइक शॅनहनची सुरुवात १-३, म्हणजे १ जिंकली ३ हरल्या, अशी झाली होती आणि मालक अल डेव्हिसने त्याला काढलं. १९२० च्या दशकातल्या फ्रिट्झ पोलार्डनंतर एनएफएल या लीगमध्ये कृष्णवर्णीय हेड कोच झालाच नव्हता, सहा दशकांहून जास्त काळ. पहिली मॅच मंडे नाइटला, न्यूयॉर्क जेट्सच्या घरात, १४-७ जिंकली. पुढच्या वर्षी १२-४. १९९४ पर्यंत एकूण ५४-३८, तरी काढलं, आणि २००६ ला परत आणलं. हे वाईट कोचचे आकडे आहेत का, तुम्हीच सांगा.

आकडेमोड:
खेळाडू म्हणून शेल थोर, त्यावर वादच नाही. पण तुम्ही अर्धा धागा खेळाडूवर लिहिलात आणि प्रश्न कोचचा आहे. १२-४ च्या त्याच सीझनमध्ये एएफसी फायनलला, म्हणजे सुपर बोलच्या आधीच्या मॅचला, बफेलोने ५१-३ मारलं हे का नाही लिहिलंत? इतक्या मोठ्या मॅचमध्ये ५१ खाणं हे तयारीचं अपयश असतं.

आणि २००६ नुसतं वाईट नव्हतं, त्या टीमच्या इतिहासातल्या सगळ्यात वाईट वर्षांपैकी होतं. पूर्ण सीझनमध्ये १६८ पॉइंट्स, ऑफेन्सचे टचडाऊन १२. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्सची आखणी करणारा कोच, म्हणून त्याने टॉम वॉल्शला आणलं, जो कित्येक वर्षं एनएफएलच्या बाहेर होता आणि आयडाहोत लॉज चालवत होता. हा निर्णय शेलचा. बरं ज्या गोष्टीत तो स्वतः मास्टर ती तरी नीट असावी ना, तर लाईनने ७२ सॅक दिले, म्हणजे तितक्यांदा क्वार्टरबॅक बॉल फेकायच्या आधीच आडवा. बहात्तर! हेड कोच हॉल ऑफ फेमवाला टॅकल, लाईन शिकवायला जॅकी स्लेटर, तोही हॉल ऑफ फेमवाला टॅकल, आणि क्वार्टरबॅक दर रविवारी जमिनीवर. स्वतःला येणं वेगळं आणि दुसऱ्याकडून करून घेणं वेगळं.

लाल माती:
आकडेमोड यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मी कबड्डीत कव्हर खेळलोय, रेडर पकडला की टाळ्या कॉर्नरला पडतात, पण साखळीत कोणी कधी पुढे जायचं हे कव्हरला कळावं लागतं, नाहीतर पकड सुटते. लाईनमनचं तसंच असणार. पाच जण एकत्र हलतात, एक चुकला तर बाकी चौघांचं काम पाण्यात. अशा जागेवर पंधरा वर्षं काढलेला माणूस टीम बघायला शिकतो. लाईन कोच म्हणून १९८३ चं पहिलंच वर्ष, आणि सीझनच्या शेवटी सुपर बोल, वॉशिंग्टनला ३८-९. म्हणजे करून घेणं येत होतंच की.

जर्सीवाली:
सगळे २००६ वर भांडताय पण मला १९९५ जास्त खटकतं, त्याच्यावर कोणीच बोलत नाहीये.

नीट बघा. शॅनहनला रेडर्सनी ८-१२ च्या रेकॉर्डवर काढलं होतं. शेलला ५४-३८ वर काढलं, तेही ९-७ च्या सीझननंतर, म्हणजे हरणारा सीझनसुद्धा नाही. मग १९९५ मध्ये काय झालं? शॅनहन डेन्व्हरचा हेड कोच झाला आणि शेल कॅन्सस सिटीत परत लाईन कोच. एकाला दुसरी संधी मिळाली, त्याने दोन सुपर बोल जिंकल्या, आज सगळे त्याला जीनियस म्हणतात. दुसरा कॅन्सस सिटी, मग अटलांटा, सगळीकडे असिस्टंट, नंतर लीगच्या ऑफिसात अधिकारी, आणि अकरा वर्षांत एकाही दुसऱ्या टीमने त्याला हेड कोच केलं नाही. शेलच्या जागी आलेल्या माइक व्हाइटने दोन वर्षांत १५-१७ केलं, म्हणजे शेल अडथळा होता असंही नाही. अल डेव्हिसने स्वतः नंतर कबूल केलं की त्याला काढणं चूक होती. मालक चूक मान्य करतो आणि आपण अजून यादीत नाव टाकतोय.

२००३ मध्ये रूनी रूल आला, हेड कोचची जागा भरताना निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराला मुलाखतीला बोलवायचं असा. शेलच्या वेळी तेवढंही नव्हतं.

आकडेमोड:
जर्सीवाली, १९९५ चा मुद्दा वजनदार आहे पण अर्धवट सांगितलात. शॅनहन मधे सॅन फ्रान्सिस्कोला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, जानेवारी १९९५ मध्ये तिथे सुपर बोल जिंकून मग डेन्व्हरला गेला. त्याने स्वतःला परत सिद्ध केलं. डेनिस ग्रीन १९९२ मध्ये मिनेसोटाला, टोनी डंजी १९९६ मध्ये टॅम्पाला हेड कोच झाले, म्हणजे दार बंदच होतं असं नाही.

जर्सीवाली:
सिद्ध करायला आधी ती खुर्ची लागते ना! कोऑर्डिनेटर केलंच नाही तर प्ले कॉल करून दाखवणार कसा? आणि "परत सिद्ध" ८-१२ वाल्याने करायचं असतं, ५४-३८ वाल्याने का करावं? ग्रीन आणि डंजी झाले कारण आधी कोणीतरी त्या खुर्चीवर बसून टीम नीट चालवून दाखवली होती. दार उघडं होतं म्हणता, ते उघडलं कोणी?

शनिवार पेठ:
मी दोघांच्या मधे. पहिला कार्यकाळ चांगला, दुसरा वाईट, दोन्ही खरं. पण २००६ मध्ये परत यायलाच नको होतं त्याने, खेळ बदलला होता.

बे एरियाकर:
५१-३ चं उत्तर राहिलं. ती मॅच वाईटच होती, पण आदल्या आठवड्यात सिनसिनाटीला २०-१० हरवताना बॉल घेऊन पळणाऱ्या बो जॅक्सनची हिप गेली, तो परत कधी फुटबॉल खेळला नाही. आणि समोरची बफेलो ती सुपर बोल फक्त एका पॉइंटने हरली, २०-१९. १९९३ चा सीझन घ्या, तीच बफेलो, तिच्याच घरात, प्लेऑफमध्ये २९-२३, हरलो पण फक्त सहा पॉइंट्सनी. तयारी येत नसती तर हे झालं असतं का?

वॉल्शला आणणं चूक, तिथे मी शेलची बाजू घेणार नाही. पण ती टीम आधीची तीन वर्षं ४-१२, ५-११, ४-१२ होती, वेगवेगळ्या कोचांखाली. आणि त्याच २००६ मध्ये रेडर्सचा डिफेन्स यार्डांच्या हिशोबात लीगमध्ये तिसरा होता. लॉकर रूम हातातून गेली असती तर डिफेन्सनेही सोडून दिलं असतं. पुढच्या वर्षी नवा कोच आला, ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळाला, तरी ४-१२ च.

आकडेमोड:
डिफेन्सचा मुद्दा मान्य. तरी माझ्या यादीत तो मधेच राहणार, वरच्या पाचात नाही. एकूण ५६-५२ आणि प्लेऑफमध्ये २-३, हे मधल्या कोचचेच आकडे आहेत.

जर्सीवाली:
मधे चालेल, सगळ्यात वाईटच्या यादीत नको एवढंच म्हणणं होतं. आणि एक तारीख बघून ठेवा. शेलला दुसऱ्यांदा काढलं ४ जानेवारी २००७ ला. बरोबर महिन्याने, ४ फेब्रुवारीला, सुपर बोलमध्ये पहिल्यांदाच कृष्णवर्णीय हेड कोच आले, आणि तेही दोन्ही बाजूंना, डंजी आणि लव्ही स्मिथ. तुमच्या ग्रुपवर ती यादी परत आली तर बे एरियाकर, हे तिथे नक्की टाका.