एन२७० प्रोसेसर असेल तर लुबुंटूचा विचार सोडा

एक जीबी रॅमच्या जुन्या नेटबुकवर (छोट्या लॅपटॉपवर) लुबुंटू, म्हणजे उबुंटू लिनक्सची हलकी आवृत्ती, टाकावं का, असं एकाने विचारलंय. आधी प्रोसेसर बघा. इंटेलचा ॲटम एन२७० असेल तर तो फक्त ३२ बिट प्रणाली चालवतो आणि लुबुंटूने १८.१० नंतर ३२ बिट आवृत्ती काढलेली नाही. एन४५० असेल तर ६४ बिट चालतं, पण रॅम तेवढीच, त्यामुळे फार फरक पडत नाही.

माझं मत अँटीएक्स २३ या दुसऱ्या हलक्या लिनक्सला. डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर बेतलेलं आहे, ३२ बिट आवृत्ती मिळते आणि खिडक्या सांभाळणाऱ्या आइसडब्ल्यूएम या हलक्या प्रोग्रॅममुळे मेमरी कमी लागते. थेट इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय, आवाज आणि झाकण मिटल्यावर मशीन पुन्हा नीट जागं होतंय का ते तपासा. या तिसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं.

१०२४ बाय ६०० च्या स्क्रीनवर काही खिडक्यांचं ‘ओके’ बटण खाली दडून बसतं. ऑल्ट दाबून माऊसने खिडकी वर ओढा, बटण दिसेल.

खरी अडचण ब्राउझरची. चार टॅब उघडले की स्वॅप (रॅम भरल्यावर डिस्कचा वापर) सुरू होतो आणि जुनी हार्डडिस्क घरघरायला लागते. म्हणून डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे प्रकार) बदलत बसण्यापेक्षा आधी रॅमची दोन जीबीची डीडीआर२ पट्टी आणि हार्डडिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी टाका. एन२७० च्या मशीनला त्याहून जास्त रॅम चालतच नाही. लेखन, पीडीएफ, गाणी यांसाठी हे मशीन अजून उत्तम आहे, भंगारात देऊ नका.