इगर्ज, येकेघेत्सी आणि राजवाडेवाल्याची गल्ली

प्रश्न : चेन्नईत जॉर्ज टाउनमध्ये आर्मेनियन स्ट्रीट आहे, तिथे आर्मेनियन लोकांचं जुनं चर्च आहे. या रस्त्याचं तमिळ नाव 'अरण्मनैक्कारन तेरू'. 'अरण्मनै' म्हणजे राजवाडा ना? मग तिथे कोणाचा राजवाडा होता?

उत्तर : कोणाचाच नाही. ही लोकव्युत्पत्ती आहे. 'आर्मेनियन' हा शब्द तमिळ कानाला परका होता, जवळचा ओळखीचा 'अरण्मनै' सापडला आणि त्याला आपल्या 'वाला'सारखा 'क्कारन' लागला. झाली राजवाडेवाल्याची गल्ली! बंगालीत असं झालं नाही, कारण तिथे फारसीतला 'अरमनी' आधीच रुळलेला होता. म्हणून कोलकात्यात आरमानी घाट आणि ढाक्यात आरमानीटोला (टोला म्हणजे वस्ती). ढाक्याचं १७८१ चं आर्मेनियन चर्च याच टोल्यात आहे.

मला मात्र खरी गोडी 'चर्च'साठी आर्मेनियन लोकांचा जो शब्द आहे त्याची वाटते : येकेघेत्सी. मूळ ग्रीक 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमवलेली माणसं, सभा. इमारत हा अर्थ नंतरचा. तोच ग्रीक शब्द लॅटिनमधून पोर्तुगीजांकडे 'इग्रेजा' झाला आणि गोव्यात 'इगर्ज' म्हणून उतरला. हिंदीतला 'गिरजा'ही तोच. म्हणजे गोव्यातली आजी इगर्जेत जाते आणि आर्मेनियन आजी येकेघेत्सीत, दोघी एकाच शब्दाच्या नातवंडांचा हात धरून! बोलीत आर्मेनियन माणूस चर्चला नुसतं 'झाम'ही म्हणतो. झाम म्हणजे तास, वेळ. प्रार्थनेची वेळ तेच प्रार्थनेचं ठिकाण.

चेन्नईतल्या चर्चची आजची वास्तू १७७२ ची. आवारात सगळीकडे थडगी, त्यांवर आर्मेनियन अक्षरं कोरलेली. घंटाघर वेगळं, त्यात सहा घंटा. याच आवारात पाद्री हारुत्यून श्मावोन्यान यांना पुरलं आहे. त्यांनी १७९४ मध्ये मद्रासेत 'अझदारार' काढलं, जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक. मायदेशात नाही, मद्रासेत! प्रार्थना, लग्न, दफन आणि छापखाना, सगळं त्या चार गल्ल्यांत आणि एका पाद्र्याभोवती. आता शहरात आर्मेनियन जवळजवळ उरले नाहीत, त्यामुळे 'जमलेली माणसं' हा शब्दाचा पहिला अर्थ तिथे गेला, दुसरा तेवढा उभा आहे. मला याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : दादा, इगर्ज 'तो' की 'ती'?

उत्तर : ती. पोर्तुगीजमध्येही स्त्रीलिंगीच.