परीलोक एवढा परका नाही

हॉली ब्लॅकच्या 'द क्रुएल प्रिन्स' (२०१८) या कादंबरीबद्दल एका वाचकाने लिहिलंय, 'हा परीलोक आपल्याला परका वाटतो'. हे मत मला पटलं नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला, तिथल्या ग्रामदेवाला, नवसाच्या भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात म्हणे. आजोळी गेलं की मी आधी त्यांचे तळवे बघायचे, खरंच झिजलेत का! त्यामुळे या कादंबरीत परीलोकात वाढलेली माणसाची मुलगी ज्यूड मोहिनी लागू नये म्हणून जेवणावर मीठ घालते तेव्हा मला आमच्या आजीची मीठ-मोहरी आठवली. खोटं बोलता येत नाही, तरी शब्दांत अडकवून फसवणारी ती परीलोकातली मंडळी तर झकासच.

परीलोकाचा राजपुत्र कार्डन याच्याबद्दल मात्र त्या वाचकाशी सहमत. ज्यूडला आधी यथेच्छ छळायचं, मग त्यालाच प्रेम म्हणायचं, हे काही घशाखाली उतरेना. उलट ज्यूडला वाढवणाऱ्या मॅडॉकबद्दल कुणीच लिहिलं नाही. तिच्या आईबापांना तिच्या डोळ्यांदेखत मारणारा तोच, तलवार धरायला शिकवणाराही तोच, आणि तिचा त्याच्यावर जीव आहे! ती पानं मी दोनदा वाचली. कार्डनची भराभर उलटली.