मदत हवी आहे: शनिवारी संगीत महोत्सवाला तंबूत मुक्काम, काय काय न्यावं?

विश्रामबागकर
मंडळी, शनिवारी सकाळी निघायचंय, दोन रात्री तंबूत मुक्काम. आयोजकांच्या यादीत ‘वैयक्तिक सामान’ एवढंच लिहिलंय आणि फोन कुणी उचलत नाही. सांगलीत सध्या दुपारी बाहेर पडवत नाही, म्हणून सुती कपडे, टोप्या, सनस्क्रीन, टॉर्च आणि पाण्याच्या बाटल्या काढून ठेवल्यात. आणखी काय? गाडीत जागा कमी आहे, लांबलचक याद्या नकोत. आज संध्याकाळीच बाजारात जायचंय.

कृष्णाकाठची
कार्यक्रम कुठे आहे? किती जण? तंबू त्यांचा की तुमचा?

विश्रामबागकर
तंबू त्यांचाच. चौघं आहोत. पाचगणीजवळ, पठारावर. सामानाचं सांगा की.

वाईचा_गडी
पाचगणी हे आधी सांगायचं दादा! साधारण १,३०० मीटर उंची आहे. दुपारी ऊन लागतंच, पण रात्री वारं सुटलं की सुती शर्टावर बसवणार नाही. प्रत्येकाला एक स्वेटर, एक कानटोपी आणि पायमोजे घ्या. अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा अंगाखाली जाड चटई घ्या, गारठा जमिनीतून वर येतो.
दुसरं म्हणजे वळीव. मे महिन्यात सकाळी आभाळ निरभ्र असतं आणि चार वाजता काळंकुट्ट होऊन वारा, गारा, विजा सगळं एकदम येतं. रेनकोट घ्या, पठारावर छत्री टिकत नाही. कपडे आधी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा, मग सॅकमध्ये भरा. दहा-पंधरा मीटर नायलॉनची दोरी ठेवा आणि तंबूचे खुंटे अंधार पडायच्या आत स्वतः ओढून बघा.

रानभटक्या
माझं स्पष्ट मत: दुसऱ्याच्या तंबूत झोपूच नये. दोन थरांचा स्वतःचा तंबू घ्या, आयुष्यभर पुरतो. विजा सुरू झाल्या की आत बसून राहायचं.

वाईचा_गडी
त्यांनी तंबूचे पैसे भरलेत, आता नवा कशाला घेतील? आणि विजेचं चुकीचं सांगू नका. तंबू विजेपासून वाचवत नाही. पक्की इमारत गाठायची, नाहीतर पत्र्याच्या टपाची गाडी, काचा वर करून. एकट्या झाडाखाली किंवा मंडपाच्या लोखंडी खांबाला टेकून उभं राहायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. आमच्या शिवारात वीज पडून गुरं गेलेली बघितली आहेत.

रानभटक्या
मी पावसाबद्दल बोलत होतो. विजेचं तुमचं बरोबर आहे. स्वतःच्या तंबूचं मात्र मी सांगतच राहणार.

मिरजवाला
कसला महोत्सव आहे ते सांगितलंच नाही. शास्त्रीय की मोठ्या स्पीकरवाला? आमच्या मिरजेत दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथंच आहे. तिथं जायला सामान लागत नाही, बसायला एक सतरंजी पुरते.

विश्रामबागकर
दोन्ही आहे. संध्याकाळी बँड, पहाटे शास्त्रीय, आणि सकाळी शिकणाऱ्यांसाठी सतारीचा वर्ग. बहीण सतार घेऊन येतेय, म्हणून तर गाडीत जागा नाही.

मिरजवाला
अहो, मग सगळ्यात नाजूक सामान तेच! बंद गाडीत उन्हात सतार अजिबात ठेवू नका. भोपळा वाळलेलाच असतो, पण उष्णतेनं सांधे सुटतात, खुंट्या सैल होतात. तारा थोड्या उतरवून न्या. कडक पेटी नसेल तर गवसणीवरून गोधडी गुंडाळा, आणि गाडीत आडवी ठेवून वर काहीही ठेवू नका. रात्री तंबूच्या कापडाला टेकवायची नाही, कापड आतून ओलं होतं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, एवढ्या मोलाची वस्तू आहे.

स्टँडवरून
सांगलीहून एसटीनं जायचं तर साताऱ्याला गाडी बदला. वाईमार्गे पसरणी घाट चढून जाणारी घ्या. मेढ्यावरून केळघर घाटानं जाणारी आधी महाबळेश्वरला जाते.

विश्रामबागकर
स्वतःची गाडी आहे हो. पाचवडला वळून वाई, पसरणी घाट, ठरलंय. सामान सांगा!

कृष्णाकाठची
तुम्ही, बहीण, आणखी दोघं कोण? लहान मूल आहे का? वयस्कर कुणी?

विश्रामबागकर
भाची सातवीत आहे. आणि आई, ६८ वर्षांची. तिला पहाटेचं गाणं ऐकायचंय. मधुमेह आहे, इन्सुलिन घेते, पण तिचं ती सगळं सांभाळते.

कृष्णाकाठची
दादा, यादी इथून सुरू करायला हवी होती! मी रुग्णालयात परिचारिका आहे. चालू पेन ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालतं, पण उन्हात उभ्या गाडीत ते एका दुपारीत निकामी होऊ शकतं. पर्समध्ये, सावलीत, आईजवळच ठेवा. न उघडलेलं जादाचं पेन थर्मासमध्ये ठेवा, बर्फाला थेट लावू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. सुया, तपासणीचं यंत्र आणि पट्ट्या मोजून घ्या.
मुख्य काळजी जेवणाच्या वेळेची. अशा ठिकाणी आठचं जेवण दहाला होतं. ताट समोर आल्याशिवाय सुई घ्यायची नाही. उशाशी साखर आणि बिस्किटं ठेवा. रात्री घाम फुटला, हात कापायला लागले तर आधी साखर. तंबूत कुणाला तरी हे माहीत हवं, म्हणून भाचीलाही सांगून ठेवा.
अनवाणी एक पाऊलही नको. पुढून बंद चप्पल, आणि पाय रोज बघायचे.

वाईचा_गडी
आईंसाठी घडीची खाट न्याच. जमिनीवरून उठताना गुडघे दुखतील. शिवाय मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तंबूची चेन कायम बंद, बूट झटकून घालायचे. काही झालं तर १०८ ला फोन करून सरळ दवाखाना, बाकी उपचार करत बसायचं नाही.

रानभटक्या
खाट नेली की जागा संपली. चटईच बरी.

कृष्णाकाठची
६८ वर्षांच्या माणसासाठी खाटच. टोप्या-गॉगल कमी करा. भाचीसाठी कानावर घालायचे मफ घ्या, कापसाच्या बोळ्यानं भागत नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो, पण १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. स्पीकरपासून लांब बसा.
उन्हासाठी एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पण हे तुमच्यासाठी. आईला साधं पाणी, आणि जुलाब-उलटी झाली तर डॉक्टर.

विश्रामबागकर
बाजारात आहे. कानाचे मफ मिळाले, दोरी, चटया घेतल्या. घडीची खाट शेजाऱ्यांकडे आहे, ती टपावर बांधतो, सतार मागच्या सीटवर बहिणीजवळ. स्वेटर आईनं आधीच काढून ठेवले होते. थर्मास घरचा जुना आहे, चालेल ना?

कृष्णाकाठची
आज रात्री त्यात गार पाणी भरून ठेवा, सकाळी बघा गार राहतंय का. नसेल राहत तर नवा घ्या. आणि पट्ट्या किती आहेत ते सांगितलं नाहीत अजून.